गाठ जुनी होती, अपघात मात्र कामावरच झाला

आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात कामगाराचं बोट जाणं ही बातमी होत नाही. पॉवर प्रेसखाली हात गेला, दोन पेरं गेली, पट्टी बांधून पोरगं घरी आलं आणि दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत लागलं, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त 'कुठल्या हाताचं?' एवढंच विचारतो. पण त्या अपघातात निदान एक गोष्ट सरळ असते. प्रेस सगळ्यांना दिसते, रक्त सगळ्यांना दिसतं, बोट का गेलं यावर वाद होत नाही.

मला आज लिहायचंय ते वेगळ्या इजेबद्दल. हिच्यात रक्ताचा थेंब सांडत नाही. बोट जागेवर असतं, कातडीवर साधा ओरखडाही नसतो, पण बोटाचं टोक वाकत नाही. एक्स-रे काढला की कळतं, हाडात आधीपासूनच एक गाठ होती, तिनं हाड आतून पोखरलं होतं आणि एका हिसक्यासरशी शीर हाडाचा तुकडा घेऊन निसटली. मग कंपनीतून पहिलं वाक्य येतं, 'ही तर तुझी जुनी व्याधी आहे, अपघात कसला?'

माझं म्हणणं सरळ आहे. गाठ जुनी असली म्हणून कामावर झालेली इजा आजार ठरत नाही. कायदा असं म्हणत नाही, वैद्यकशास्त्रही असं म्हणत नाही. तरीही हे उत्तर ऐकून आपली माणसं गप्प बसतात, कारण हाडात नेमकं काय घडलं आणि कायद्यात आपल्यासाठी काय आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना कुणी नीट सांगितलेल्या नसतात. त्या सांगाव्यात म्हणून हा लेख.

आधी हाताबद्दल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, ते कोपराच्या खाली, पुढच्या हातात असतात. तिथून निघालेल्या मजबूत दोऱ्या मनगटातून, तळहातातून बोटापर्यंत जातात. या दोऱ्यांना शुद्ध मराठीत कंडरा म्हणतात, डॉक्टर टेंडन म्हणतात आणि आपण सरसकट 'शीर' किंवा 'नस' म्हणतो. अंगठा सोडून प्रत्येक बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला अशा दोन दोऱ्या असतात. वरची मधल्या पेरापर्यंत जाते, खालची अगदी टोकाच्या पेराच्या बुडाशी चिकटते. ही खालची दोरी सुटली तर मधला सांधा वाकतो, पण टोक सरळच राहतं. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटतं, 'बोट तर हलतंय, मग काय झालंय?' इथेच पहिली फसगत होते.

आता गाठीबद्दल. 'ट्यूमर' म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पण हाताच्या हाडांमध्ये सापडणाऱ्या गाठींपैकी सगळ्यात जास्त दिसणारी गाठ अगदी साधी असते. तिचं नाव एनकाँड्रोमा. हाडाच्या आत कूर्चेचं म्हणजे कुरकुरीत मऊ हाडाचं एक बेट तयार होतं आणि हळूहळू वाढत भोवतीचं कठीण कवच पातळ करत जातं. ती कॅन्सर नसते, आणि एकटीदुकटी असेल तर तिचा कॅन्सर होणं फार दुर्मीळ. अनेक हाडांत अशा गाठी असणारा ओलिए नावाचा आजार असतो, त्यात मात्र डॉक्टर कायम लक्ष ठेवायला सांगतात. बहुतेकांना ही गाठ दुखत नाही, सुजत नाही, वर्षानुवर्षं कळतही नाही. कळते ती दोनच वेळा: दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये, किंवा हाड मोडल्यावर.

ती जास्त करून बोटाच्या मुळाकडच्या पेरात असते. पण क्वचित टोकाच्या पेरात, जिथे ती खालची दोरी चिकटलेली असते नेमकी त्याच जागी, ती हाड पोखरते. भिंतीतला खिळा कितीही पक्का असला तरी आतलं प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर खिळा प्लास्टरसकट बाहेर येतो. इथे तसंच होतं. दोरी तुटत नाही, ती हाडाची कपची घेऊन निघते. दुसऱ्या प्रकारची एक साधी गाठ, ऑस्टिओकाँड्रोमा, हाडातून बाहेरच्या बाजूला टोकासारखी वाढते. तिच्या कडेवर दोरी रोज घासत राहिली तर विहिरीच्या काठावर घासणाऱ्या दोरासारखी झिजते आणि एखाद्या दिवशी तुटते. हे दोन्ही प्रकार दुर्मीळ आहेत. पण दुर्मीळ म्हणजे होतच नाही असं नाही. आणि दुर्मीळ असल्यामुळेच पहिल्या डॉक्टरच्या डोक्यात ते येत नाही.

माझ्या भाच्याचं असंच झालं. तो भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो, कंत्राटदाराकडून लागलेला. मालाची ट्रॉली ओढत असताना चाक फरशीच्या खाचेत अडकलं. हात दांड्यावर आवळलेला होता, ट्रॉली थांबली आणि बोटाला जोरात हिसका बसला. अनामिकेत 'टक' झालं, एवढंच त्याला आठवतं. बोटाचं टोक जखडलेल्या मुठीतून असं हिसकलं जाणं हीच त्या खालच्या दोरीच्या इजेची ठरलेली तऱ्हा आहे. खेळाडूंमध्ये समोरच्याची जर्सी पकडताना हीच इजा होते म्हणून तिला 'जर्सी फिंगर' म्हणतात, आणि तिथेही सगळ्यात जास्त वेळा बळी जातो तो अनामिकेचाच.

त्यानं शिफ्ट पूर्ण केली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मलम आणि क्रेप बँडेज मिळालं, 'मुरगळलंय' असं सांगण्यात आलं. पाचव्या दिवशी तो आमच्याकडे पिंपळे सौदागरला आला तेव्हा हात पुढे करून एवढंच म्हणाला, "मामू, शटर खाली ओढायला जातो तर हे बोट धरतच नाही." दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. टोकाच्या पेराच्या बुडाशी काळसर पोकळी आणि सुटलेली कपची. हाताच्या सर्जननी पोकळी खरवडून स्वच्छ केली, हाड भरलं, कपची जागेवर बसवली, काढलेला भाग तपासणीला पाठवला. अहवाल आला, एनकाँड्रोमा. सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले. आणि त्याच अहवालाचा कागद कंपनीत नेल्यावर त्याची रजा 'आजारपण' म्हणून लावली गेली.

आजारपण आणि अपघात, या दोन शब्दांत काय फरक पडतो? हिशेब करून पाहू. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्का कापला जातो, मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणात विम्याकडून पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि तेही आधीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. कामावरच्या अपघाताला मात्र ९० टक्के मिळतात, बरं होईपर्यंत मिळतात, आणि ७८ दिवसांची अट नसते. कालच कामाला लागलेल्या पोरालाही तो हक्क आहे.

भाच्याचा पगार समजा १८,००० रुपये. आजारपण म्हटलं तर महिन्याला १२,६००, अपघात म्हटलं तर १६,२००. दोरीच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण जोर लावायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे तीन महिन्यांत १०,८०० रुपयांचा फरक. पण खरा फरक त्यानंतरचा. बोट कायमचं अधू राहिलं तर अपघातग्रस्ताला अधूपणाच्या टक्केवारीनुसार आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. आजाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. एका रजेच्या अर्जावरचा एक शब्द इतका महाग असतो.

आता मालकाची बाजूही ऐकू, कारण ती अगदीच पोकळ नाही. तो म्हणेल, 'हाड आधीच पोखरलेलं होतं. घरी पाण्याची बादली उचलतानाही तुटलं असतं. त्याच्या शरीरातल्या दोषाचं बिल माझ्यावर का?' बरोबर आहे, घरी बादली उचलताना तुटलं असतं तर मीही त्याला अपघाती इजेचा अर्ज करू नको असं सांगितलं असतं. पण ते घरी तुटलं नाही. ते कामाच्या वेळी, कामाच्या जागी, मालकाचा माल ओढताना, मालकाच्या फरशीतल्या खाचेमुळे तुटलं. पुढे कधीतरी काय झालं असतं यावरून आज काय झालं ते पुसता येत नाही. शिवाय कामावर घेताना कुणी कामगाराच्या दहाही बोटांचे एक्स-रे काढत नाही. जसा माणूस आहे तसा घेतला, त्याच्या ताकदीचा फायदा घेतला, मग त्याचा कच्चेपणाही त्याच व्यवहारात आला.

हे माझं भावनिक मत नाही. या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, १९५४ साली प्रसिद्ध झालेला. निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला. पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी, त्याला हृदयविकार होता, पहाऱ्यावर असताना छातीत दुखू लागलं आणि तो गेला. पोर्ट ट्रस्टचं म्हणणं तेच, आजार जुना होता. न्यायालयानं जे तत्त्व मांडलं त्याचा आशय असा की काम हे मृत्यूचं एकमेव कारण असण्याची गरज नाही. कामाच्या ताणानं हातभार लावला असेल, मरण अलीकडे ओढलं असेल, आजार आणि काम दोन्ही मिळून ते घडलं असेल, तर मालक जबाबदार आहे. केवळ आजारामुळे घडलं असेल आणि कामाचा काही संबंधच नसेल तर मात्र नाही.

हृदयाच्या जागी बोट ठेवा. पोखरलेलं हाड हा आजार, ट्रॉलीचा हिसका हे काम. दोन्ही मिळून शीर निसटली. छागलांच्या निकालाचा धागा इथे थेट लागू पडतो, असं मला वाटतं. छागलांना आपल्या समाजात वेगवेगळ्या कारणांसाठी आठवलं जातं, कधी प्रेमानं, कधी रागानं. कामगाराच्या बाजूनं दिलेल्या या निकालासाठी मात्र त्यांची आठवण क्वचितच निघते. काढायला हवी.

पण त्याच्याच शेजारी दुसरा एक निकाल ठेवला पाहिजे, तो कामगाराला सावध करणारा. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध इब्राहिम महंमद इसाक, सर्वोच्च न्यायालय, १९६९. एक तरुण खलाशी डिसेंबर १९६१ मध्ये भर समुद्रात जहाजावरून बेपत्ता झाला. त्याआधी त्यानं छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती. उच्च न्यायालयानं भरपाई मान्य केली होती, सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. कारण तो कसा गेला, त्याच्या जाण्याचा कामाशी काय संबंध होता, हे दाखवणारा पुरावा नव्हता. संबंध दाखवण्याची जबाबदारी भरपाई मागणाऱ्यावर असते आणि तो संबंध परिस्थितीवरून तरी जुळावा लागतो, असं न्यायालय म्हणालं. ईएसआय कायद्यात कलम ५१-अ घालण्यात आलं. कामाच्या वेळी घडलेला अपघात हा कामामुळेच घडला असं धरायचं, विरुद्ध पुरावा नसेल तर, असं ते कलम सांगतं. कामगाराला त्याचा मोठा आधार आहे. पण कामाच्या वेळी अपघात घडला होता, हे तरी कागदावर असावंच लागतं.

गुप्त इजेचं हेच दुखणं आहे. प्रेसखाली बोट गेलं की दहा जण धावतात. इथे पोरगं स्वतःच म्हणतं, 'काही नाही, मुरगळलंय,' आणि शिफ्ट संपवून घरी जातं. सहा दिवसांनी एक्स-रे निघतो तेव्हा अपघात नोंदवहीत नोंद नसते, सुपरवायझरला 'आठवत नाही', आणि डॉक्टरच्या पहिल्या कागदावर फक्त 'बोटदुखी' लिहिलेलं असतं. भाच्याच्या बाबतीत त्याच्या मागे ट्रॉली ढकलणाऱ्या सहकाऱ्यानं धाडस करून लेखी जबाब दिला, म्हणून कंपनीला उशिरा का होईना अपघाताचा अहवाल पाठवावा लागला. तो सहकारीही कंत्राटीच. उद्या त्याला गेटवरून परत पाठवलं असतं तर आपण काय करणार होतो, हा प्रश्न मला अजून सतावतो.

टक्केवारीकडेही पाहू. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला आणि १९४८ च्या ईएसआय कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. अनामिकेचं फक्त टोकाचं पेर गेलं तर ५. एखाद्या अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला तर तो अवयवच गेला असं धरायचं, अशी टीप त्या तक्त्याखाली आहे. म्हणजे बोट जागेवर दिसतंय म्हणून नुकसान शून्य, असं कुणी म्हणू शकत नाही. आता हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत, तक्त्याचा विचार मात्र तोच राहिला आहे.

तो विचार मला अपुरा वाटतो. तक्ता बोटाची लांबी मोजतो, काम मोजत नाही. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या खालच्या दोऱ्या बऱ्याच अंशी एकाच स्नायूतून निघतात. एक दोरी आखडली किंवा चिकटून बसली तर शेजारची चांगली बोटंही पूर्ण मुठीत येत नाहीत. सर्जन मंडळींनी याला रोमन रथाच्या चार जुंपलेल्या घोड्यांवरून क्वाड्रिगा असं नाव दिलंय. आपल्याकडे बैलगाडी हाकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, जोडीतला एक बैल लंगडला की दुसराही अडतो. तक्त्यात अनामिकेच्या टोकाला ५ टक्के, म्हणजे १८,००० पगारावर महिन्याला साधारण ८१० रुपये. पण ज्याची पूर्ण पकडच सैल झाली त्या मशीन ऑपरेटरचं नुकसान ५ टक्क्यांचं असतं का?

इथेही न्यायालयांनी वाट दाखवलेली आहे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अधूपण होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये ते पूर्ण अधूपण मानलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. माणूस काय काम करत होता हे पाहून नुकसान मोजायचं, ही दृष्टी वैद्यकीय मंडळासमोर कामगाराच्या बाजूनं कुणीतरी मांडली पाहिजे. मंडळाचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, कामगार विमा न्यायालयात जाता येतं, हेही बहुतेकांना माहीत नसतं.

मी राहतो त्या पिंपळे सौदागरमध्ये या गोष्टीची दुसरी बाजू रोज दिसते. उंच सोसायट्यांत हिंजवडीला जाणारी आयटीतली मंडळी राहतात. त्यांच्याच इमारतींच्या गेटवर, स्वयंपाकघरात, लिफ्टच्या खोलीत राबणारी आणि पहाटे शिवार चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणारी दुसरी माणसंही इथेच असतात. माझ्या ओळखीच्या एका सॉफ्टवेअरवाल्या बाईंना बोट थोडं सुजल्यासारखं वाटलं. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, गाठ सापडली, सोयीची तारीख ठरवून शस्त्रक्रिया झाली, मेडिक्लेमनं पैसे दिले. हाड मोडलंच नाही. त्यांचं भलं झालं याचा मला आनंद आहे. पण तीच गाठ ट्रॉली ओढणाऱ्या हातात असेल तर ती हाड मोडूनच सापडते. गाठ गरीब-श्रीमंत बघत नाही, पण ती कधी सापडेल हे मात्र त्यावरच ठरतं.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. बोट सुजलं की आपल्याकडे पहिली धाव हाड बसवणाऱ्या पैलवानाकडे असते. तेल लावून चोळायचं, ओढून 'कट' करायचं, पट्टी बांधायची. त्यातल्या अनेकांच्या हातात कसब असतं, मी ते नाकारत नाही. पण निसटलेली दोरी चोळून जागेवर येत नाही आणि पोखरलेलं हाड ओढल्यानं आणखी मोडतं. शिवाय वेळ निघून जातो. दोरी पूर्ण आखडून तळहातात गेली असेल तर तिचा रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सात ते दहा दिवसांत ती परत जोडली नाही तर नंतर जोडणं अवघड होत जातं. मोठी कपची बरोबर आली असेल तर ती वाटेत अडकते आणि थोडी जास्त सवड मिळते. पण आपल्या बोटात यापैकी काय झालंय हे एक्स-रेशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

आपण शीर, नस, रग हे शब्द रक्तवाहिनीला, मज्जातंतूला आणि या दोरीला सरसकट वापरतो. हा गोंधळ फार जुना आहे. ग्रीक वैद्य गॅलेन, ज्याला आपले हकीम जालीनूस म्हणतात, त्यानंही दोरी आणि मज्जातंतू यांची गल्लत केली. तिला टाका घातला तर झटके येतील अशी भीती त्यामुळे वैद्यांमध्ये शेकडो वर्षं राहिली. तुटलेली दोरी शिवावी, असा सल्ला प्रथम देण्याचं श्रेय हाताच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे इब्न सीनाला देतात, ९८० ते १०३७ या काळातल्या बुखाराच्या त्या हकिमाला. त्याच्या नावाचा अभिमान आपण भाषणांतून पुष्कळ मिरवतो. अभिमान खरा असेल तर वाकत नसलेलं बोट तेलानं चोळत आठवडा घालवायचा नाही. हजार वर्षांपूर्वी त्यानं जी गोष्ट सांगितली ती करणाऱ्या सर्जनकडे जायचं.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक परीक्षा सगळ्यांनी लक्षात ठेवावी. दुखऱ्या बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हातानं सरळ धरून ठेवायचं आणि फक्त टोक वाकवायला सांगायचं. टोक वाकलं नाही तर 'मुरगळलंय' म्हणून घरी बसायचं नाही. टोक खाली लोंबतंय आणि स्वतःहून सरळ होत नाही, तरीही तेच, मग इजा वरच्या बाजूच्या दोरीची असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक्स-रे, समोरून आणि बाजूनं. ईएसआय असेल तर मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय आहे, नसेल तर पालिकेचं वायसीएम आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. केसपेपरवर 'कामावर ट्रॉली ओढताना हिसका बसला' हे शब्द लिहून घ्यायचे, तारीख आणि वेळेसकट. आणि घरी जाण्याआधी कंपनीच्या अपघात नोंदवहीत नाव घालायचं. दुखणं कितीही किरकोळ वाटलं तरी.

कंत्राटी कामगारांना आणखी एक गोष्ट सांगतो. कंत्राटदार हात वर करतो आणि कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते, हा खेळ जुना आहे. कायद्यात मात्र मूळ मालकाची जबाबदारी धरलेली आहे, ईएसआयच्या वर्गणीसाठीही आणि ईएसआय नसेल तिथे भरपाईसाठीही. मूळ मालकानं नंतर ते कंत्राटदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपापसातला मामला.

मालकांना माझं सांगणं एवढंच की रक्त न आलेला अपघातही नोंदवहीत लिहा. त्यानं तुमचं नुकसान होत नाही, वर्गणी तुम्ही आधीच भरलेली आहे, पैसे विमा महामंडळ देतं. मग 'आजारपण' लिहिण्याचा आग्रह कशासाठी? अपघातांचा आकडा लहान दिसावा म्हणून. भिंतीवरच्या 'अपघातमुक्त दिवस' लिहिलेल्या फळ्यासाठी कामगाराचा आयुष्यभराचा हक्क बुडवणं, याला काटकसर म्हणत नाहीत. आणि आपल्या मशिदींच्या कमिट्यांना, तरुणांच्या मंडळांना विनंती की रक्तदान शिबिरं चांगली आहेतच, पण वर्षातून एकदा ईएसआयचे कागद समजावून सांगणारा वकील किंवा युनियनचा कार्यकर्ताही बोलवा. आपल्या वस्त्यांतली किती पोरं पगारातून दरमहा पैसे कापून घेतात आणि बदल्यात काय मिळतं ते त्यांना ठाऊक नसतं.

नमाजनंतर तसबीह आपण बोटांच्या पेरांवर मोजतो, शेजारचे आजोबा त्याच पेरांवर जप मोजतात. एकेका पेराची किंमत आपल्याला नव्यानं शिकवायला नको. ती कायद्याच्या तक्त्यात ५ टक्के लिहिलेली असो की ७, ती मिळवण्यासाठी कामगाराला आधी एवढं तरी म्हणता आलं पाहिजे की माझ्या हाडात काय होतं ते मलाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं, पण बोट गेलं ते तुमच्या कामात.